सागवानी दार दर पावसाळ्यात अडतं? रंधा मारण्याआधी हे तपासा

जून सरता सरता दार चौकटीला घासायला लागतं. जुलैत खांदा लावल्याशिवाय लागत नाही. मग मिस्त्रींना बोलावणं जातं, ते दार उतरवून कडेवर रंधा मारतात, दार सुरळीत लागतं. एप्रिल-मेमध्ये त्याच कडेला एवढी फट पडते की कडी कोयंड्यात नीट बसत नाही आणि बाहेरचा उजेड आत दिसतो. पुढच्या जूनमध्ये दार पुन्हा अडतं. काही घरांत हे इतकी वर्षं चालतं की कडेवरची पट्टी बोटभर बारीक होते आणि कुलपाचं घर उघडं पडतं.

चांगल्या सागवानाच्या दाराचं असं होऊ नये. सागवान जगभर मोलाचं मानलं जातं ते नुसत्या रंगासाठी नाही. हवेतल्या दमटपणाने ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, म्हणून शतकानुशतकं त्याची जहाजं बांधली. मुंबईत १८१७ साली मलबारच्या सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तेव्हा ‘सागवानी’ दार दरवर्षी अडत असेल, तर ‘पावसाळ्यात लाकूड फुगतंच’ एवढ्यावर थांबू नका. दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि रंध्याने ते सुटत नाही.

सागवान किती फुगतं, याचा हिशेब

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पुण्यासारख्या ठिकाणी घरातल्या लाकडात मे महिन्यात साधारण ८ टक्के ओल असते, ऑगस्टमध्ये ती १६ टक्क्यांच्या आसपास जाते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात ती ६ पर्यंत उतरते. कोकणात मात्र मेमध्येही ती १३च्या घरात असते आणि जुलैत १८पर्यंत चढते. म्हणजे सगळ्यात जास्त चढउतार कोकणातल्या दाराचा होत नाही, विदर्भातल्या दाराचा होतो. हे अनेकांना उलट वाटतं, पण दोन्हीकडची जुनी दारं पाहिली की लक्षात येतं.

आता सागवानाचा आकडा बघा. ओल १ टक्क्याने वाढली की फळी रुंदीत दर १०० मिलिमीटरला ०.१९ मिलिमीटर वाढते. हे झालं आडव्या कापाच्या फळीचं, जिच्या तोंडावर डोंगरासारखी नक्षी दिसते. उभ्या कापाच्या, सरळ रेघांच्या फळीत हीच वाढ ०.१० मिलिमीटर असते. लांबीत तर सागवान व्यवहारात वाढतच नाही.

पॅनेलच्या दाराला दोन उभ्या पट्ट्या असतात, प्रत्येकी साधारण १०० मिलिमीटर. मधल्या आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीत जाते, म्हणून त्या दार रुंद करत नाहीत. पॅनेल खोबणीत सुटं असतं. राहिल्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे २०० मिलिमीटर. पुण्यात ८ टक्क्यांच्या फरकाला दार रुंदीत वाढणार ३ मिलिमीटर, तेही आडव्या कापाचं लाकूड असेल तर. उभ्या कापाचं असेल तर जेमतेम दीड. दोन्ही कडांना दोन-अडीच मिलिमीटरची फट ठेवलेली असेल तर ही वाढ तिच्यात सहज मावते.

म्हणून तुमचं दार मे ते ऑगस्टमध्ये पाच-सहा मिलिमीटर वाढत असेल, तर ते एक तर सागवान नाही, किंवा सागवान असून ओलं वापरलंय, किंवा त्याची बांधणी चुकली आहे. आणि वाढतच नसेल, फक्त अडत असेल, तर दोष दाराच्या लाकडात नाहीच.

फट मोजायला वेगळं हत्यार लागत नाही. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. तीन कार्डं एकत्र सरकली तर फट सव्वादोन मिलिमीटरची. कडेला वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि महिन्यासकट लिहून ठेवा.

आधी बघा: नेमकं कुठे अडतं?

चौकटीच्या आतल्या कडेला सगळीकडून खडू घासा. दार हळू लावा, उघडा. दाराच्या कडेवर जिथे पांढरं उमटलं तिथे ते टेकतं. हा पाच मिनिटांचा तपास न करता रंधा उचलणाऱ्या मिस्त्रींना नम्रपणे थांबवा.

कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा आणि त्याच बाजूला खाली फरशी, अशा दोन जागी घासत असेल, तर दार फुगलेलं नाही, ते झुकलंय. लाकूड लांबीत वाढत नाही हे वर आलंच, त्यामुळे फरशीला घासणारं दार फुगून घासतंय असं क्वचितच असतं. दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला. वरच्या बिजागरीत हालचाल दिसली की कारण सापडलं. सात फूट बाय तीन फुटांचं भरीव सागवानी दार ३०-३५ किलोंचं असतं, आणि ते बऱ्याचदा एक इंची स्क्रूवर लटकवलेलं असतं. पावसाळ्यात बाकीच्या फटी जरा कमी होतात, म्हणून वर्षभर झुकलेलं दार तेव्हाच अडल्यासारखं वाटतं. इथे दाराला हात लावायचा नाही. बिजागरी सोडा, ढिल्या भोकांत सागवानाची किंवा बांबूची खुंटी गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, बारीक भोक पाडून दोन इंची स्क्रू पिळा. सागवानात भोक न पाडता स्क्रू पिळला तर कडेचं लाकूड चिरतं, किंवा पितळी स्क्रूचं डोकं तुटतं.

दार लागताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंगसारखं परत येत असेल, तर बिजागरीची खाच जास्त खोल गेली आहे. बिजागरीखाली पुठ्ठ्याची पट्टी घालून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

वर टेकतं पण खाली सुटं राहतं, म्हणजे दार पिळलंय. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी बाजू कोरी, किंवा बाहेरून दिवसभर ऊन आणि आतून सावली, अशा दारांचं हे होतं. याला रंधा अजिबात उपाय नाही. पीळ थोडा असेल तर एक बिजागरी दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवून तो वाटून घेता येतो.

कुलपाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एकसारखं पांढरं उमटलं, तरच दार खरोखर रुंद झालंय.

आणखी एक गोष्ट बघा. घरातली सगळी दारं अडतात की एकच? सगळी अडत असतील तर हवामान. एकच अडत असेल तर त्याच्या भिंतीत कारण शोधा: बाथरूमची गळती, वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी, चौकटीच्या पायाला लागणारी ओल. चौकट कितीतरी वेळा सागवानाची नसतेच, ‘मलेशियन साल’ म्हणून मिळणाऱ्या लाकडाची असते, आणि ओल्या भिंतीत ती आतल्या बाजूला सरकते. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे नसतील तर दाराला दोष देऊ नका. नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या पावसाळ्यात तर प्लास्टरचीच ओल पुरती निघालेली नसते. तिथे वर्षभर वाट पाहणं शहाणपणाचं.

हे खरंच सागवान आहे का? कुलपाच्या भोकात बघा

पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून सागवान ओळखता येत नाही. स्टेन मारून कुठल्याही लाकडाला तो रंग आणता येतो. दारात कोरं लाकूड दिसण्याची जागा म्हणजे कुलपाचं घर. कुलूप सोडवून टॉर्चने आत बघा. प्लायचे थर किंवा शेजारी शेजारी चिकटवलेल्या ठोकळ्यांच्या रांगा दिसल्या, तर ते वर सागवानाची पातळ साल चिकटवलेलं फ्लश डोअर आहे. असं दार वाईट नसतं, पण त्याच्या कडेला पाणी लागलं की थर सुटतात, आणि ते रंधून बरं होत नाही.

भरीव लाकूड असेल तर पटाशीने आतली एक चिप काढा. ताजा सागवान हिरवट-सोनेरी दिसतो, त्यात गडद रेघा असतात, आणि उजेडात काही आठवड्यांनी तो तपकिरी-सोनेरी होतो. चिप बोटांत चोळली की मेणचट, किंचित तेलकट लागते. वास जुन्या चामड्यासारखा येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, आणि वखारीत तोच सगळ्यात भरवशाचा.

खात्री हवी असेल तर तुकड्याचं टोक धारदार पात्याने स्वच्छ कापा, जरा ओलं करा आणि दहापट भिंगातून बघा. सागवानात प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, पुढे छिद्रं बारीक होत जातात. काही छिद्रांत पांढरट-पिवळट पूड भरलेली दिसते. सागवान म्हणून खपवल्या जाणाऱ्या बऱ्याच लाकडांत छिद्रं सगळीकडे सारख्या आकाराची विखुरलेली असतात, वलयाची रांग दिसत नाही. ‘आफ्रिकन टीक’सारख्या नावांवर जाऊ नका. टीक हा शब्द बाजारात कुठल्याही लाकडाच्या मागे जोडतात.

वजनाचाही अंदाज येतो. वाळलेलं सागवान घनफुटाला १८ किलोंच्या आसपास भरतं. दिसायला कोरडं पण २३-२४ किलो भरत असेल तर ते ओलं आहे किंवा दुसरं आहे.

सागवान आहे हे ठरलं तरी पांढरा भाग किती आहे ते बघायचं राहतं. खोडाच्या बाहेरच्या बाजूचं पांढुरकं लाकूड आणि आतला गाभा, यांत जमीन-अस्मानाचा फरक. वाळवीला दूर ठेवणारे आणि पाणी झटकणारे घटक गाभ्यात असतात, पांढऱ्यात नसतात. दाराखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर किडा पांढऱ्यातच लागलेला असतो. लागवडीतली कमी वयाची झाडं कापली की पांढऱ्याचं प्रमाण जास्त येतं. हल्ली बाजारात आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या लागवडींचं सागवान भरपूर आहे. त्यात चांगलं लाकूड असतं, पण नग निवडून घ्यावा लागतो. ‘ओरिजिनल बर्मा’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की माल कधीचा. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

आपल्याकडचं सीपी सागवान, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, आलापल्ली-बल्लारपूरकडचं, माझ्या मते दारांसाठी कुणाहून कमी नाही. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड चंद्रपूर जिल्ह्यातूनच गेलं. वन विभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या आगारांत लिलावाने माल मिळतो, आणि ओंडक्यावर हातोड्याची खूण व वाहतुकीचा पास असल्यामुळे तो कुठला हे कागदावर कळतं.

पॅनेल जखडलंय का?

दार खरं, सागवान खरं, तरी रुंदी चार-पाच मिलिमीटरने वाढते. अशा वेळी पॅनेलकडे संशयाने बघा. ३०० मिलिमीटर रुंद पॅनेल पुण्याच्या पावसाळ्यात साडेचार मिलिमीटर वाढतं. ते खोबणीत सुटं असेल तर खोबणीत वाढतं, बाहेर काही दिसत नाही. पण खडखड वाजू नये म्हणून खोबणीत फेव्हिकॉल भरला असेल, बाहेरून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या असतील, किंवा पॅनेल खोबणीच्या तळापर्यंत घट्ट बसवलं असेल, तर ते फुगताना उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलतं. खूण अशी: ऑगस्टमध्ये उभी आणि आडवी पट्टी मिळते त्या सांध्याला केसासारखी फट, आणि मेमध्ये पॅनेलच्या मधोमध उभी चीर. या दोन्ही खुणा एकाच दारात दिसल्या की कारण दुसरं नसतं.

यावर रंधा मारणं म्हणजे दार दरवर्षी कमजोर करणं. चुका काढा. गोंद असेल तर पातळ पात्याच्या करवतीने पॅनेलच्या कडेने तो कापून पॅनेल मोकळं करा. काम किचकट आहे, पण दार वाचतं. नवीन दार करवून घेताना खोबणीत दोन्हीकडे अडीच-तीन मिलिमीटर मोकळे ठेवायला सांगा, आणि पॅनेलला बसवण्याआधीच पॉलिशचा हात मारून घ्या, म्हणजे उन्हाळ्यात ते आक्रसलं की कडेला कोरी पट्टी दिसणार नाही.

वरची आणि खालची कड

उरलेल्या बहुतेक तक्रारी इथे संपतात. दार उतरवलं की पाहा, समोर-मागे आरशासारखं पॉलिश आणि खालची कड कोरी. उभ्या पट्टीचं टोक तिथेच असतं, आणि लाकूड टोकातून जितकी ओल ओढतं त्याच्या कितीतरी कमी पृष्ठभागातून ओढतं. फरशी पुसण्याचं पाणी रोज तिथेच लागतं. बाथरूमच्या दाराला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतात, पण पत्र्यामागे गेलेलं पाणी वाळत नाही, आणि खालची आडवी पट्टी आतून काळी पडत जाते. पत्रा लावायचाच असेल तर आधी मागचं लाकूड सहाही बाजूंनी सील करा, आणि पत्र्याच्या वरच्या कडेला सिलिकॉन भरा.

सील कशाने करायचं यात एक गैरसमज मोठा आहे. अळशीचं बेलतेल पाजलं की दार फुगत नाही, असं बरेच जण सांगतात. तेलाने लाकूड सुंदर दिसतं, पण हवेतली वाफ त्याने जवळपास अडत नाही. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश वाफ चांगली अडवतं, पण पाणी पडलं की पांढरं होतं. खालच्या आणि वरच्या कडेला पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात, किंवा कड दिसतच नसेल तर चांगल्या ऑइल पेंटचे दोन हात, हे सगळ्यात टिकाऊ.

सागवानावर पॉलिश सुटण्याचं कारण त्याच्या तेलकटपणात आहे. रंधलेल्या कडेवर काही दिवसांत आतले घटक पुन्हा वर येतात आणि त्यावर काहीच धरत नाही. म्हणून कड १२० नंबरच्या पेपरने घासा, स्वच्छ सुती फडक्याने थिनर लावून पुसा, फडक्यावर पिवळट डाग येणं थांबेपर्यंत पुसा, आणि तासाभरात पहिला हात मारा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवा किंवा गॅस नको. गोंदाचंही तेच: आज रंधलेला सांधा आजच चिकटवा. सागवानाच्या भुशाने अनेकांना शिंका आणि खाज येते, तेव्हा मास्क लावूनच घासा.

आत्ता जुलै असेल तर

खडूच्या खुणेवर पेन्सिलने रेघ मारा आणि दार तसंच राहू द्या. टेकतं तिथे मेणबत्ती घासा, एवढ्यावर सप्टेंबर निघतो. बिजागरीची दुरुस्ती मात्र आताच करून घ्या.

कड रंधायचीच असेल तर दिवाळीनंतर. तेव्हा लाकूड ना पुरतं भिजलेलं असतं ना पुरतं वाळलेलं, आणि किती काढायचं ते जुलैची रेघ सांगते. शक्यतो बिजागरीच्या बाजूने काढा, म्हणजे कुलूप आणि कडीच्या जागा हलत नाहीत. फक्त बिजागरीच्या खाचा तेवढ्या खोल कराव्या लागतात. रंध्याचं पातं काम सुरू असतानाच पुन्हा पुन्हा लावून घ्या, कारण सागवानात बारीक वाळूसारखी सिलिका असते आणि ती धार झपाट्याने मारते. बोथट पात्याने कडेच्या ढलप्या निघतात. आणि रंधलेली कड त्याच दिवशी सील करा.

नवीन दार करवून घेताना

वखारीत ओल मोजायचं मीटर लावून बघा. मीटर नसेल तर फळीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापून घ्या (टोकाचा नको, टोक आधी वाळतं), घरच्या काट्यावर त्याचं वजन करा, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. जेवढं वजन घटलं त्याला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. भारतीय मानक आयएस २८७ हवेतल्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडतं आणि प्रत्येकासाठी लाकडातल्या ओलीची वेगळी मर्यादा सांगतं. घरगुती हिशेबाला एवढं पुरे: विदर्भ-मराठवाड्यात १० टक्के, पुण्याकडे १२, कोकणात १४. नागपूरला बनवलेलं दार रत्नागिरीला नेणार असाल तर बसवण्याआधी ते महिनाभर त्या घरात, हवा खेळेल असं, खालून टेकू देऊन ठेवा.

वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर जरूर घ्या, गाभ्याचं लाकूड आता तसं सहज मिळत नाही. कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. पण जुनं झालं म्हणून ते हलत नाही असं समजू नका. शंभर वर्षांची तुळईसुद्धा जुलैत ओल घेते, त्यामुळे पॅनेलची मोकळीक आणि कडांचं सील तिलाही लागतंच.

फट किती ठेवायची हे दार कुठल्या महिन्यात बसतंय यावर ठरवा. मेमध्ये बसवत असाल तर पुण्यात दोन्ही कडांना अडीच मिलिमीटर, नागपूरला तीन. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर दीड पुरे, कारण इथून पुढे दार आक्रसणारच आहे. कोकणात बाराही महिने दोन.